सावळा रंग हा आजार नाही

मुलींनी चेहऱ्याला काय लावावे हा चळवळीचा विषय आहे का, असा आक्षेप आपल्या शिबिरांत हमखास येतो. हिंसा, हुंडा, मजुरी एवढे प्रश्न समोर असताना क्रीम-पावडरीवर वेळ का घालवायचा? वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यात बचतगटांसोबत आणि किशोरी मुलींसोबत काम करणारी कार्यकर्ती म्हणून मला हा आक्षेप मुळीच मान्य नाही. हुंडा, आरोग्य आणि बाजार हे तिन्ही प्रश्न बाईच्या कातडीवर एकत्र येतात.

जऊळका हे अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचे गाव. १९९८ पर्यंत हा सगळा भाग अकोला जिल्ह्यातच होता. त्याच अकोल्यातली एक हकिकत जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आली. विशीतली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघी एका ब्युटीपार्लरमधून घेतलेले गोरेपणाचे क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना असेच रुग्ण आढळले.

पारा कातडीत रंग तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफ घरातल्या लेकरांनाही बाधते. आपल्या देशाच्या २०२० च्या नियमांनुसार, डोळ्यांची प्रसाधने सोडली तर, प्रसाधनात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. नियम आहे, तरीही नाव-पत्ता नसलेल्या डब्या विकल्या जातात. मग चूक कोणाची म्हणायची?

दुसरे विष तर औषधाच्या दुकानातच मिळते. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही स्टेरॉइडची नावे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस लावायची ही औषधे मुली गोरे होण्यासाठी महिनोन्‌महिने लावतात. आधी पुरळ जातो, रंग उजळतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर केस येतात, उन्हात आग होते. मलम बंद केले की त्रास आणखी उसळतो, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. या चेहऱ्याला त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ मध्ये वेगळे नावच दिले आहे. त्यांच्या संघटनेने पाठपुरावा केला, तेव्हा २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी आपल्यापैकी किती जणींकडे दुकानदाराने चिठ्ठी मागितली?

बाईला दोष देणे सोपे आहे. मासिकांतली सौंदर्याची सदरे तेच करतात. रोज दोनदा तोंड धुवा, उन्हात जाऊ नका! सोयाबीन निंदायला दिवसभर वावरात वाकणाऱ्या बाईने हे वाचून काय करावे? तिच्या चुका वेगळ्या आहेत, आणि प्रत्येक चुकीमागे कोणीतरी घालून दिलेला नियम आहे.

आतले कपडे कोणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून ती ते साडीखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालते. ओलसर कपड्यांत नायटा पोसला जातो. लाजेपोटी डॉक्टरांना न दाखवता ती दुकानातून मलम आणते. त्यातल्या स्टेरॉइडने खाज थांबते आणि बुरशी मात्र पसरते. यावर उपाय म्हणजे कपडे उघड्या उन्हात वाळवणे, बुरशीचे औषध पूर्ण मुदत घेणे आणि घरात ज्यांना ज्यांना नायटा आहे त्या सर्वांनी एकदमच उपचार करणे.

टिकलीच्या डिंकातल्या काही रसायनांनी कपाळावर पांढरा डाग पडू शकतो. खाज सुटली की टिकली बंद करायला हवी. पण सवाष्णीचे कपाळ मोकळे दिसले की शेजारीण विचारते, म्हणून बाई खाज सोसते.

गाजरगवत हाताने उपटल्याने हात, मान, चेहरा सोलून निघतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट ही तिची खरी प्रसाधने. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट आणि डोक्याला रुमाल ही आपल्या बायांची पद्धत शहाणपणाची आहे. बाळंतपणात उठणारे वांग उन्हाने गडद होते, तिथेही हाच आडोसा कामी येतो. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. त्याने कातडी भाजते आणि काळे डाग पडतात.

हे सारे सांगितल्यावर बैठकीत एखादी आई म्हणतेच, "ताई, रंग नाही उजळला तं पोरीले कोण पाहीन?" तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. लग्नाच्या बायोडाटात रंगाचा रकाना असतो, आणि मुलगी सावळी म्हणून सोने वाढवून मागितले जाते. ती आई हिशेब बरोबर करते आहे. हिशेबच मुळात खोटा आहे.

हा हिशेब बाजाराने पक्का केला. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, असे सांगणाऱ्या जाहिराती घराघरांत पोचल्या. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये अशा जाहिराती बंद झाल्या. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' शब्द काढून 'ग्लो' घातला. बायांनी धरून ठेवले की कंपन्यांना हलावे लागते, हा त्यातला धडा आहे. पण नाव बदलल्याने नजर बदलत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातली ट्यूब आणि डबी घेऊन यावे. एकत्र बसून वाचावे. उत्पादकाचे नाव, घटकांची यादी, परवाना क्रमांक नसेल तर ती वापरू नये. 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' लिहिलेले असेल तर ती लगेच बंद करावी. मात्र स्टेरॉइड बरेच दिवस लावले असेल तर एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावे. सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर लघवीची तपासणी करून घ्यावी आणि क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवावी. दुकानात बिल मागावे. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्याची लेखी तक्रार गटाच्या सह्यांनिशी अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. ग्रामीण रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी यावेत, ही मागणी ग्रामसभेत मांडावी.

आणि आपल्या मुलामुलींच्या बायोडाटातून रंगाचा रकाना काढून टाकावा. त्याला पैसा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. हे काम आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांपासून सुरू झाले पाहिजे.