अक्कलखाती जमा करू नका, तक्रार करा!

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली की अलिबाग, लोणावळा, महाबळेश्वर, तारकर्ली आणि गोव्यातले बंगले आपल्या फोनवर झळकू लागतात. निळाशार स्विमिंग पूल, समोर नारळाची बाग, आणि भाडं आपल्या आवाक्यातलं. ‘आज अर्धे पाठवले नाहीत तर दुसरी पार्टी तयार आहे,’ असं पलीकडून सांगितलं जातं. आपण यूपीआयने पैसे पाठवतो. सामान लादून गाडी तिथे पोचते तेव्हा कळतं, की बुकिंग घेणारा या घराचा कुणीच लागत नाही.

असं दर हंगामात घडतं, आणि त्यापासून सावध कसं राहायचं ते आता बरेच जण सांगतात. मला बोलायचं आहे ते फसवणूक होऊन गेल्यानंतरच्या आपल्या वागण्याबद्दल. पैसे गेले की आपण गप्प बसतो. चार नातेवाइकांनी मिळून भरलेले चाळीस हजार गेले, तरी घरात ठरतं: ‘जाऊ दे, अक्कलखाती जमा. बाहेर कुठे बोलू नका.’ नवरा सासुरवाडीला सांगत नाही, मुलगी ऑफिसात सांगत नाही, आजोबा तर मुलांनाही सांगत नाहीत. फसवणाऱ्यांचा धंदा या लाजेवर उभा आहे. शंभरातल्या बहुतेकांनी तोंड मिटून घ्यावं, एवढंच त्यांना हवं असतं, आणि ते आपण त्यांना फुकटात देतो.

ही लाज आता टाकून द्या! चोराने घर फोडलं तर आपण शेजाऱ्यांना हाक मारतो, पोलिसांत जातो. मग फोनवरून लुटलं गेल्यावर मान आपण का खाली घालायची? विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. खोटं बोलून पैसे उकळणं हा गुन्हा आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन इंटरनेटवरून फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ड वेगळं लागतं.

किहीमच्या एका बंगल्याची देखरेख करणाऱ्या काकांना मी ओळखतो. मालक मुंबईत राहतात, घर भाड्याने देत नाहीत. तरीही सुटीच्या दिवसांत संध्याकाळी फाटकाशी गाडी थांबते, मुलं खिडकीतून डोकावतात आणि गाडीतला माणूस फोन पुढे करतो. त्यावर याच घराचे फोटो असतात, व्हरांड्यातल्या झोपाळ्यासकट. काका त्या मंडळींना पाणी देतात, बायकांना हातपाय धुवायला आत घेतात. मग तो माणूस दिलेल्या नंबरवर पुन्हा पुन्हा फोन लावत राहतो आणि तो बंद लागतो. काका म्हणाले, ‘एवढे लोक आले, पण इथून पोलीस ठाण्याचा रस्ता मला एकानेही विचारला नाही. सगळे विचारतात, जवळ दुसरं हॉटेल कुठे आहे?’

त्या फाटकाशी उभं असतानाच पहिला फोन १९३० या क्रमांकावर लावायला हवा होता. खरं तर त्याआधीच, संशय आला त्या क्षणी. हा देशभरासाठीचा सायबर आर्थिक फसवणुकीचा क्रमांक आहे. आपण रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक सांगितला, की ती माहिती ज्या बँकेत पैसे गेले तिथे पोचते. पैसे खात्यात शिल्लक असतील तर बँक ते रोखून धरते. पुढे सरकले असतील तर निरोप पुढच्या बँकेकडे जातो. फसवणारे स्वतःच्या खात्यात पैसे घेत नाहीत. काही हजारांच्या आमिषाने गरजू माणसांची खाती भाड्याने घेतलेली असतात, आणि रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उडवत शेवटी एटीएममधून काढली जाते. ही शर्यत मिनिटांची आहे. आपण त्या माणसाशी फोनवर वाद घालत बसतो, ‘पोलिसांत जाईन’ अशी धमकी देतो, तेवढ्या वेळात तो खातं रिकामं करतो. त्याला काही सांगू नका, आधी १९३०ला सांगा.

फोननंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर पूर्ण तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. सोबत पुरावे लावा: व्हॉट्सॲपवरचा सगळा संवाद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, पैसे गेलेला यूपीआय आयडी, बँकेचं स्टेटमेंट. रागाच्या भरात चॅट डिलीट करणारे खूप असतात. तो चॅट म्हणजे तुमचा साक्षीदार आहे, त्याला आपल्याच हाताने पुसू नका.

मग पोलीस ठाण्यात जा. इथे बरेच जण खचतात, कारण ‘खातं राजस्थानातलं आहे’, ‘गोव्याला जाऊन तक्रार द्या’, ‘एवढ्याशा रकमेसाठी काय करणार’ अशी उत्तरं मिळतात. अशा वेळी कायदा ठाऊक असलेला माणूस मागे फिरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा नोंदला की एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळायला हवी. नोंदवून घेतला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांचं दार आहे. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवण्याचं बंधन याच संहितेने, कलम १९३ने, पोलिसांवर घातलं आहे. नव्वद दिवस झाले आणि काही कळलं नाही? कलम लिहून अर्ज द्या, पोच घ्या. सायबर विभागात कामाचा ढीग आहे, माणसं कमी आहेत, मान्य. पण पाठपुरावा करणाऱ्याची फाइल वर येते, हेही तितकंच खरं.

आता अशी एक गोष्ट, जी न कळल्यामुळे लोक जिंकत आलेली लढाई सोडून देतात. पोलीस सांगतात, ‘तुमचे अठरा हजार होल्ड झालेत.’ माणूस खूश होतो आणि वाट बघत बसतो. महिने जातात, खात्यात रुपया येत नाही. कारण रोखलेली रक्कम आपोआप घरी येईलच असं नाही. ती आपल्या खात्यात परत वळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. तसं असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करायचा, रोखलेल्या रकमेचा आणि खात्याचा तपशील पोलिसांकडून घ्यायचा, हमीपत्र लिहून द्यायचं, आणि आदेशाची प्रत बँकेत पोचवायची. वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून थांबू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि कमी उत्पन्नाचे नागरिक यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्या प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा त्यांचा फोन क्रमांक आहे. बँकेत अडकलेला हा पैसा आपल्या घामाचा आहे. तो मागायला संकोच कसला?

बँकेबद्दल खरं ते सांगतो. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड नाही, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात केली. ती मुख्यतः आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँक तेवढ्यावर बोट ठेवते. म्हणून नुसतं ‘माझे पैसे द्या’ म्हणून भागत नाही. विचारायचं ते असं: मी कळवल्यावर तुम्ही किती वेळात हालचाल केली? ज्या बँकेत पैसे गेले तिने ते खातं कुणाची कागदपत्रं बघून उघडलं? लेखी विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ताबडतोब ‘डिस्प्यूट’ नोंदवा. तिथे पैसे परत येण्याची वाट अधिक रुंद आहे. बुकिंग एखाद्या संकेतस्थळामार्फत झालं असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला गाठा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यापुढे ग्राहक आयोग आहे.

आणि या सगळ्यात एका माणसापासून फार जपा. तुम्ही फसलात हे कळल्यावर तो येतो. स्वतःला सायबर तज्ज्ञ, वकील, कधी पोलीस म्हणवतो, आणि सांगतो, ‘तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी तेवढी भरा.’ किंवा मूळचा भामटाच गोड आवाजात म्हणतो, ‘रिफंड देतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. आणि १९३० वर तक्रार नोंदवायला एक पैसाही लागत नाही. पोळलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटणारी ही जात पहिल्याहून निर्दय आहे.

कुणी म्हणेल, एवढं करून पैसे मिळतीलच का? सगळे मिळतील अशी हमी कुणी देऊ शकत नाही. तासाभरात कळवणाऱ्याचे बरेचदा वाचतात, आठवड्याने कळवणाऱ्याचे क्वचित. पण तक्रारीचं मोल तुमच्या रकमेएवढंच नसतं. तुमचे बारा हजार, नाशिकच्या कुणाचे आठ हजार, बेळगावच्या कुणाचे वीस हजार एकाच खात्यात गेले आहेत हे तक्रारी आल्यावरच दिसतं. त्यातूनच तो फोन नंबर बंद पडतो, ते खातं गोठतं, टोळीचा माग लागतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथची हेलिकॉप्टर सेवा, चारधामची गेस्ट हाऊस, टॅक्सी आणि सुटीच्या सहली यांच्या खोट्या बुकिंगबद्दल देशाला जाहीर इशारा दिला. तक्रार नोंदवायच्या सरकारी पोर्टलवरच आता संशयित नंबर किंवा यूपीआय आयडी टाकून आधीच्या तक्रारी तपासण्याची सोय आहे. ती यादी तक्रार करणाऱ्यांनी घडवली आहे. जो गप्प बसला, त्याला लुटणाऱ्याचा नंबर तिथे नाही.

बंगल्यांच्या खऱ्या मालकांनो, तुमच्या घराचे फोटो चोरून कुणी कुटुंबांना लुटत असेल, तर तुम्हीही पोलिसांत या आणि तो मजकूर हटवण्यासाठी त्या समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. गोव्यात पर्यटकांना राहायला जागा देणाऱ्याने १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची असते. महाराष्ट्रात निवास व न्याहारी योजनेत पर्यटन संचालनालय प्रमाणपत्र देतं. तो क्रमांक जाहिरातीत ठळक छापा, आणि पाहुण्यांनो, पैसे पाठवण्याआधी तो मागा.

गणेशोत्सव मंडळांनो, महिला बचत गटांनो, सोसायटीच्या कार्यकर्त्यांनो, तुमच्याशिवाय तक्रारीचं हे काम उभं राहणार नाही. वाचनालयात किंवा सोसायटीच्या कार्यालयात रविवारी दोन तास एक टेबल मांडा. इंटरनेट सफाईने वापरणारी दोन मुलं आणि कायदा जाणणारं एक माणूस बसवा. फसलेल्या माणसाला दोष न देता त्याचा फॉर्म भरून द्या, ठाण्यात त्याच्यासोबत जा. एकट्या निवृत्त शिक्षिकेला ‘नंतर या’ सांगणं सोपं असतं, तिच्यासोबत चार शेजारी उभे असले की ते अवघड जातं.

आणि तुमच्यापैकी ज्यांचे पैसे मागच्या दिवाळीत किंवा त्याआधीच्या मे महिन्यात गेले, त्यांनी आजच रात्री बँकेच्या ॲपमध्ये जुने व्यवहार उघडा. ती तारीख शोधा, यूटीआर क्रमांक कागदावर उतरवून घ्या आणि पोर्टलवर तक्रार टाका. उद्या सकाळी तिची छापील प्रत घेऊन ठाण्यात जा, आणि जाताना घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या.