चुकारा घेऊन माणूस घरी पोचला पाहिजे



कापूस विकून आर्णीहून गावाकडे निघालेल्या माणसाच्या वाटेत दोन गोष्टी येतात. एक दारूचे दुकान, दुसरा नागपूर–तुळजापूर महामार्ग. दुकान टाळता येते, रस्ता टाळता येत नाही.

सुप्रीम कोर्टाने 15 डिसेंबर 2016 रोजी महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारू विकण्यास मनाई केली. 1 एप्रिल 2017 पासून दुकाने हटायची होती. अंमल सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर 220 मीटरवर आले. चंदीगडने तर महामार्गाचे नाव बदलून त्याला शहरी रस्ताच करून टाकले. आणि त्याच वर्षी कोर्टाने नगरपालिकांच्या हद्दीतली दुकाने या हुकमातून मोकळी केली. उत्पादन शुल्क बुडू नये याची जेवढी काळजी सरकारला, तेवढी कापसाच्या भावाची असती तर! सरसकट बंदी करा म्हणावे, तर शेजारच्या चंद्रपुरात 2015 ला आलेली बंदी 2021 ला उठली. आडव्या बाटलीचे मतदान घ्यायचे की नाही, ते त्या त्या गावच्या बायांनी ठरवावे.

पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. शेतकरी रस्त्यावर अपघातात गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. मात्र तो नशेत होता असे निघाले तर एक पैसाही नाही. स्वतः गाडी चालवत होता आणि लायसन नव्हते, तरी नाही. माणूस जातो, सोसायटीचे कर्ज राहते, आणि बाई कागद घेऊन तहसिलीच्या पायऱ्या झिजवते.

कायदा आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण तपासणी 31 डिसेंबरच्या रात्री शहरात करून आम्हाला काय उपयोग? कापसाच्या हंगामात, बाजाराच्या दिवशी, संध्याकाळी यंत्र घेऊन उभे राहा. ट्रकवाल्यालाही फुंकायला लावा आणि जीपवाल्या पुढाऱ्यालाही.

आपला दोषही बोललाच पाहिजे. अंधारात कापसाची ट्रॉली निघते, मागे लाल दिवा नाही. बंडीला रिफ्लेक्टरची पट्टी नाही. पिऊन आलेल्याला ती दिसत नाही, न प्यालेल्यालाही दिसत नाही.

जिल्हा बैठकीत तपासणीची मागणी ठरावाने करू. पट्ट्या मात्र या आठवड्यातच लावा. आणि ट्रॅक्टरमालकांनो, प्यालेल्याच्या हाती चावी देऊ नका. रागावला तर रागावू द्या, चावी सकाळी द्या.