कसणारा ज्या नोंदीत नाही

निजामाच्या काळापासून चालत आलेल्या पहाणी या जमिनीच्या नोंदीत मालकाच्या नावाबरोबर आणखी एक रकाना असे: अनुभवदाराचा, म्हणजे जमीन प्रत्यक्षात कोणाच्या हाताखाली आहे याचा. पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणात, बेला, जैनद, तामसीच्या काळ्या रानात मालक एक आणि मक्त्याने कपाशी पेरणारा दुसरा, हे चित्र नवं नाही. म्हणून तो रकाना कामाचा होता. तेलंगणाने सप्टेंबर 2017 मध्ये भूनोंदींच्या शुद्धीकरणाची मोहीम काढली, 29 ऑक्टोबर 2020 ला ‘धरणी’ पोर्टल सुरू केलं आणि या साफसफाईत तो रकानाच गेला. ज्या जमिनींवर वाद होता त्या ‘भाग ब’मध्ये टाकल्या गेल्या आणि त्यांची नवी पासबुकं अडकली. उरलं ते दिसायला नीटनेटकं. पण ही नोंद नीट झाली ती वास्तव जुळल्यामुळे नव्हे, न जुळणारं वास्तव बाहेर काढल्यामुळे. सरकारी निर्णय कुठे चुकले ते शोधायचं तर इथून सुरुवात करावी लागते.

मे 2018 मध्ये रयतु बंधू योजना आली: एकरी हंगामाला आधी 4,000, मग 5,000 रुपये, सुरुवातीला चेकने आणि नंतर थेट खात्यात, कमाल जमिनीची अट नाही. पैसा पासबुकाच्या मागे गेला. मक्तेदार, तेलुगूत कौलू रयतु, बियाण्याचं आणि फवारणीचं कर्ज डोक्यावर घेऊन बसला. त्याच रानाचं अनुदान शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जमा झालं. शेतकरी गेल्यावर 5 लाख देणारा रयतु बीमाही पट्टेदारालाच, म्हणजे पासबुकावर नाव असलेल्यालाच. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर हमीभावाने कापूस घालायचा तरी पासबुक लागतं. ते नसलं की गाडी व्यापाऱ्याच्या दारी. उलट पुढे आलेल्या सरकारनेच सांगितलं की रयतु बंधूचा पैसा डोंगर, रस्ते आणि प्लॉट पाडलेल्या जमिनींनाही गेला होता. म्हणजे कसणाऱ्याला नाही आणि न कसलेल्या जमिनीला मात्र पैसा, दोन्ही चुका त्या एका काढून टाकलेल्या रकान्यातून आल्या. अशा वेळी खरी माहिती दलालाकडे असते, किंवा असल्याचा त्याचा दावा असतो. ‘तुमचं नाव ऑनलाइन चढवून देतो’ हा धंदा त्यावरच चालतो.

‘धरणी’चे समर्थक म्हणतात, खालच्या कर्मचाऱ्यांच्या हाती दुरुस्ती दिली की लाच आलीच. मुद्दा खोटा नाही. त्याच कारणाने 2020 मध्ये गावपातळीवरचं व्हीआरओ (ग्राम महसूल अधिकारी) पदच रद्द झालं. पण मग उताऱ्यावरची चूक सुधारायला शेतकऱ्याने थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं ठरलं. सर्व्हे नंबरच्या एका तुकड्यात सरकारी जमीन निघाली म्हणून अख्खा नंबर निषिद्ध यादीत गेला, तर ज्याने बांध डोळ्यांनी पाहिलाय त्याचं मत विचारायला कोणी उरलं नाही. लाच थांबवायची तर नोंद कोणी, कधी, कशाच्या आधारे बदलली हे सर्वांना दिसलं पाहिजे. बदलच बंद करणं हा सोपा उपाय, आणि म्हणूनच सरकारला आवडलेला. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात सातबाऱ्यातली लेखनाची चूक कलम 155 खाली तहसीलदार दुरुस्त करू शकतो. तिथेही चपला झिजतात, पण दार निदान तालुक्यातच आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: मक्तेदाराचं नाव एकदा चढलं की तो जमीन बळकावेल, या भीतीने मालक जमीन पडीक ठेवतील. कुळकायद्याचा इतिहास माहीत असणाऱ्याला ही भीती हास्यास्पद वाटणार नाही. मात्र तिचं उत्तर आधीच कायद्यात होतं. 2011 मध्ये, आंध्र प्रदेश एकत्र असताना, परवानाधारक शेतकऱ्यांचा कायदा झाला: कसणाऱ्याला कर्जासाठी कार्ड, पण मालकीवर कसलाही हक्क नाही. तेलंगणात ही कार्डं देणं जवळपास थांबलं. निर्णय घेणाऱ्यांना कसणाऱ्याचं नाव मिळवणं अशक्य नव्हतं. ते नको होतं. 14 एप्रिल 2025 पासून ‘धरणी’च्या जागी ‘भूभारती’ आली, अपिलाची सोय झाली, गावात पुन्हा महसूल अधिकारी नेमले जात आहेत. रयतु बंधूच्या जागी आलेला, वर्षाला एकरी 12,000 देणारा रयतु भरोसा मात्र अजून पट्ट्याचाच पाठलाग करतो.