ओढणीभर धिंगरी

पिझ्झ्यावरचं मशरूम म्हणजे माझ्या लेखी थर्माकोल. पण ऑयस्टर मशरूम, म्हणजे आपली धिंगरी, लसूण-बटरवर परतलेली... विषय संपला! शहरात तिचं पाकीट उचलताना आधी किंमत बघावी लागते. आणि ऑक्टोबरातल्या एका वीकेंडला आटपाडीला मामाकडे गेले, तर विहिरीजवळच्या वठलेल्या आंब्याच्या खोडावर तसेच पांढरे पंखे, एकावर एक! चक्क दुष्काळी माणदेशात, आणि फुकट. परतीच्या पावसाची कृपा.

मी ओढणी भरून आणली. आजीनं एकदाच बघितलं. "झाडाचं कान हायती ते. माझ्या चुलीवर न्हाई चढायचं." मामीनं तोडगा काढला: रश्शात चांदीचं जोडवं टाकू, काळं पडलं तर विषारी. हे मात्र साफ खोटं हं! चांदी गंधकानं काळवंडते, अळंबीच्या विषानं नाही. आणि शिजवलं म्हणजे विष गेलं, असंही नसतं.

देठ आखूड, खालचे पापुद्रे देठावर उतरलेले. लक्षणं धिंगरीचीच. मला नव्वद टक्के खात्री होती. पण ताटावर पाच वर्षांचा भाचाही बसणार होता. उरलेले दहा टक्के त्याला कसे वाढू? गेली ओढणी उकिरड्यावर.

जेवताना (वांगंच!) मी सांगत होते, पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई झाली तेव्हा धिंगरी ओंडक्यांवर पिकवायला लागले, आता बियाणं आणून गव्हाच्या काडावरही घेतात. मामा जेवायचा थांबला.

"काड तर आपल्याकडं पडूनच हाय. किलोला काय भाव म्हणालीस?"