बोटीवरचे बाळगोपाळ

सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून गोव्याकडे सहलीची मोठी बोट निघू लागली, आणि समुद्र कधी न पाहिलेली कुटुंबेही धक्क्यावर दिसू लागली. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके मध्य प्रदेशात असले तरी मराठी बोलणारे. तेथून नागपूरमार्गे येणाऱ्या आईने दीड वर्षाच्या मुलाला बोटीवर काय भरवावे, हा प्रश्न आम्हांस किरकोळ वाटत नाही.

आगगाडीत निदान स्थानक तरी येते. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१६ साली ‘जननी सेवा’ सुरू झाली व काही स्थानकांवर बाळांसाठी दूध, गरम पाणी देण्याचे ठरले. बोटीने धक्का सोडला की दुकान संपले. बाहेरचे अन्न बहुधा वर नेऊ देत नाहीत आणि भोजनगृहाच्या वेळा पोराच्या पोटाला ठाऊक नसतात. पंक्तीला पदार्थ डझनभर, पण बिनतिखटाचा मऊ भात कोठे?

आमचे मागणे एवढेच की, उकळलेले पाणी, साधे दूध आणि वरणभात रात्री-अपरात्रीही मिळावा. बाळासाठी काय सोबत आणता येईल, हे तिकिटावरच छापावे. आयांनीही नाचणीचे सत्त्व व जलसंजीवनीच्या पुड्या जवळ बाळगाव्यात. बोट लागून मूल ओकू लागल्यास ते पाणी घोटघोट पाजावे. मोठ्यांची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. आणि घरची संत्री परवानगीने आणलीच असतील (तिकडचा माणूस ती आणणारच!), तर फोडीवरची साल व बिया काढूनच मुलाच्या हाती द्यावीत.