पंगतीत यजमान कोठे?

गेल्या आठवड्यात मांडवीच्या काठी भरलेल्या आशियाई खाद्यमहोत्सवास आम्ही एका सायंकाळी हजेरी लावून आलो. संपादकाने अंदाजपत्रकाचा आणि नगरपालिकेच्या कारभाराचा विचार करावा, हातात बशी घेऊन रांगेत उभे राहण्याचे त्याला काय कारण, असे कोणी विचारील. परंतु समाज काय खातो, कोणाच्या हातचे खातो आणि ते अन्न कोणाच्या शेतातून येते, हे प्रश्न अंदाजपत्रकाइतकेच सार्वजनिक आहेत अशी आमची समजूत आहे. म्हणूनच त्या सायंकाळी जे चाखले त्यापेक्षा जे पाहिले, त्याविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

प्रथम चांगले ते सांगू. गर्दी लोटली होती आणि ती आनंदी होती. थायलंडची नारळाच्या रसातील हिरवी कढी, व्हिएतनामचे वाफाळते फो, जपानची सुशी, कोरियाची किमची, इंडोनेशियाचे काड्यांवर भाजलेले साते, चीनच्या सिचुआन प्रांतातले झणझणीत तोफू अशा पदार्थांनी मांडव भरून गेला होता. लेकीसुनांबरोबर आलेल्या आज्या प्रत्येक भांड्यात डोकावून ‘यात नेमके काय घातले आहे?’ याची कसून चौकशी करीत होत्या. सोमवार नसल्यामुळे मासळीची अडचण नव्हती. बाकीच्या मांसाची खात्री करून घेतली की त्याही चव घेण्यास मागे राहत नव्हत्या. परक्याच्या चुलीकडे संशयाने पाहण्याची जुनी सवय आपल्या समाजातून ओसरत आहे, हे शुभलक्षण आहे. अशा महोत्सवांना नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे.

सिचुआनच्या तोफूचा एक घास तोंडात घेतला मात्र, आणि जिभेला ओळखीच्या मुंग्या आल्या. हे तर आपले तिरफळ! बांगड्याच्या हुमणात, उडदमेथीत किंवा तुरीच्या तोणाकात ठेचून घातलेल्या तिरफळांनी जिभेवर जी थरथर उठते, तीच ही. आपले तिरफळ, सिचुआनचा तो मिरीसारखा मसाला आणि जपानी लोक सान्शो म्हणून भाजलेल्या मासळीवर भुरभुरतात ती पूड, ही तिन्ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच घरची भावंडे आहेत. पुढच्या टेबलावर मँगोस्टीन हे फळ मांडले होते. ते आपल्या भिरंडाचे सख्खे नात्यातले. इंडोनेशियाचे क्लेपोन म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या, पोटात माडाचा गूळ आणि वरून ओल्या खोबऱ्याचा कीस. चवथीच्या मोदकाचे सारण अर्धे आत, अर्धे बाहेर राहिले तर जे होईल ते. हळदीच्या पानात पातोळ्या उकडणाऱ्या घरांना केळीच्या पानात उकडलेली थाई मासळी परकी का वाटावी? तांदूळ, नारळ, मासळी आणि झाडाचे पान या चार खांबांवर अर्ध्या आशियाचे स्वयंपाकघर उभे आहे, आणि त्या घरात आपण पाहुणे नसून घरचेच आहोत.

हे नाते निसर्गाने जोडले तसेच समुद्राने आणि इतिहासानेही जोडले. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. १५५७ साली त्यांनी मकावमध्ये ठाण मांडले. मकाव आणि तिमोर यांचा कारभार तर १८४४ पर्यंत गोव्याच्या अधिकाराखाली होता. या वाटेने गलबते गेली तशी चवीही गेल्या आणि आल्या. कोळंबीचे तिखट बालशांव गोव्याचे खरे, पण त्याचे नाव मलायातील ‘बेलाचान’ या सुकवलेल्या जवळ्याच्या गोळ्याशी आणि मकावच्या ‘बालिशाव’शी नाते सांगते. बेबिंक या शब्दाला मलायात ‘बिंगका’ आणि फिलिपाइन्समध्ये ‘बिबिंगका’ अशी जुळी नावे आहेत. ज्या मिरचीवाचून थाई कढी आणि आपले हुमण दोन्ही फिकी पडतील, ती तर आशियाची मुळीच नव्हे. अमेरिका खंडातून ती आशियात उतरली ती पोर्तुगीज राजवटीच्याच काळात. १५६३ साली गोव्यात छापून निघालेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने येथले मसाले आणि औषधी यांच्याबरोबर मलाक्क्याच्या ड्युरियन फळाचेही वर्णन केले आहे. आशियाचे खाद्यभांडार एका ग्रंथात मांडण्याचा उद्योग या भूमीत साडेचार शतकांपूर्वीच झाला होता, हे आजच्या आयोजकांनाही ठाऊक असावयास हरकत नाही.

पण त्याच ओर्ताची अस्थी, तो यहुदी वंशाचा होता म्हणून, १५८० साली थडग्यातून उकरून इन्क्विझिशनने जाळली. समुद्राच्या वाटेने केवळ चवी आल्या नाहीत, सत्ताही आली. आणि ती सत्ता चुलीपर्यंत पोहोचली. अ. का. प्रियोळकर यांनी इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात १७३६ सालचे फर्मान दिले आहे. नवख्रिस्तींनी हिंदूंच्या रीतीप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, अशी बंदी त्यात होती. भातात मीठ शिजताना घालावे की वाढल्यावर, हे ठरविण्याइतकी एखादी राजवट खाली वाकते याचा अर्थ एवढाच, की माणसाचे स्वातंत्र्य त्याच्या ताटापासून सुरू होते हे तिला पक्के कळलेले असते. ते फर्मान गेले, ती राजवटही १९६१ साली गेली. गोव्याचा हिंदू आणि गोव्याचा ख्रिस्ती आज एकाच शितकढीवर आपला दावा सांगतात, यात त्या फर्मानाचा पराभव आहे. मात्र ताट मोकळे झाले म्हणजे ते आपोआप भरलेले राहते असे नाही, ही गोष्ट महोत्सवाच्या दारातच आमच्या लक्षात आली.

प्रवेशद्वाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, एक वयस्कर बाई टोपलीत खाजे घेऊन बसली होती. गुळात घोळलेले, आल्याचा आणि तिळांचा वास असलेले, जत्रेहून परतताना पुडी बांधून आणावयाचे तेच हे खाजे. रखवालदार तिला दोनदा पुढे सरकवून गेला. आम्ही तिला विचारले, आत का बसत नाही? ती शांतपणे म्हणाली, “भितर जागो आसा, पूण भाडें परवडना.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती आणि म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याचा अभिमान आपण भाषणांतून मिरवितो. आणि ज्या हातांनी हे मानांकन कमावले, त्या हातांना मात्र आपल्याच गावच्या उत्सवात उंबरठ्याबाहेर बसावे लागते. पिकते तेथे विकत नाही ही म्हण जुनी आहे; येथे ती आपण नियम करून पाळतो आहोत.

आत गोव्याच्या नावाचे एक दुकान होते. तेथे शितकढी मिळत होती आणि ती चांगली होती. वाढणाऱ्या तरुणाला आम्ही सहज विचारले, तांदूळ कुठला? तो हसून म्हणाला, “बाजारातला.” त्याचा काही दोष नाही. आपल्यापैकी किती जणांना दुसरे उत्तर देता येईल? खारे पाणी सोसणारा कोरगुट तांदूळ ज्या खाजन शेतांत पिकतो, ती शेते आपल्या पूर्वजांनी खाडीपासून बांध घालून मिळविली. भरतीचे पाणी अडविणाऱ्या आणि ओहोटीला सोडणाऱ्या मानशी त्यांनी बसविल्या, आणि त्यांची देखरेख गावकरी संस्थांनी पिढ्यान् पिढ्या केली. त्याच शेतात पावसाळ्यात भात आणि मानशीपाशी मासळी असा दुहेरी संसार होता. आज बांध फुटला की दुरुस्ती कोणी करावयाची यावर कागदे फिरतात, आणि कागदे फिरून येईपर्यंत शेतात खारे पाणी शिरून भाताच्या जागी खाजणी झुडुपे उभी राहतात. मासळीची स्थितीही वेगळी नाही. २०१८ च्या जुलैमध्ये फॉर्मेलिनच्या संशयावरून परराज्यांतून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली, तेव्हा आपल्या ताटातला मासा किती दुरून येतो हे अनेक गोमंतकीयांना प्रथमच उमगले.

ज्या देशांचे पदार्थ आपण त्या सायंकाळी रांगा लावून खाल्ले, त्यांनी आपल्या अन्नाकडे कसे पाहिले हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. सिंगापूरच्या रस्त्यांवर पूर्वी फेरीवाल्यांची दाटी असे. त्या सरकारने त्यांची नोंदणी केली आणि १९७१ ते १९८६ या काळात नळाचे पाणी, गटारे आणि छप्पर असलेली केंद्रे बांधून त्यांना तेथे हक्काची जागा दिली. तेथल्या या फेरीवाल्या खाद्यसंस्कृतीची युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या वारशात नोंद केली. जपानची पारंपरिक भोजनपद्धती आणि कोरियात घरोघरी मिळून किमची घालण्याची रीत यांचा तोच मान २०१३ साली झाला होता. सिंगापूरची सगळी रीत उचलावी असे आम्ही म्हणत नाही. तेथील शिस्तीची किंमतही काही लोकांनी मोजली असेल. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: अन्नाचा गौरव करावयाचा तर अन्न रांधणाऱ्याला आधी जागा द्यावी लागते, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २०१४ सालचा आहे. शहर विक्री समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ही समिती आपल्या नगरपालिकेत कधी बसते, काय ठरविते आणि त्याचे पुढे काय होते, हे प्रत्येक नागरिकाने आपल्या नगरसेवकास विचारावे.

आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत. सार्वजनिक जागेवर जो खाद्यमहोत्सव भरेल, मग तो कोणत्याही देशाचा असो, त्यातील काही जागा खाजेकार, पोदेर, सुकी मासळी विकणाऱ्या स्त्रिया आणि खाजनातले शेतकरी यांच्यासाठी भाडे न घेता राखून ठेवाव्यात, आणि परवानगीच्या अटींतच तसे लिहावे. गोव्याचे म्हणून जे विकले जाईल, त्यातला तांदूळ, नारळ, मिरची आणि मासळी कोठली, हे पाटीवर लिहिण्याची रीत पाडावी. खोलची आणि हरमलची मिरची, मयड्याची केळी, आगशीची वांगी यांना मानांकने मिळाली आहेत. ती चौकटीत लावण्यासाठी नसून बाजारात दाम मिळविण्यासाठी आहेत. खाजनांच्या बांधांची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी व्हावी आणि तिची जबाबदारी एकाच खात्यावर ठरवावी. आणि जाता जाता आणखी एक: केळीच्या पानाचा महिमा सांगणाऱ्या देशांचे पदार्थ केळीच्या देशात प्लॅस्टिकच्या बशांतून वाढण्याचा देखावा पुढच्या वर्षी तरी पाहावयास लागू नये.

पाहुण्याला प्रथम वाढावे हा आपला धर्म आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. थाई, जपानी, चिनी, सारे येवोत, पंगतीला बसोत. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण यजमानाने पाहुण्याला वाढून स्वतः दाराबाहेर उभे राहावे, हा आतिथ्यधर्म नव्हे. त्या रात्री आम्ही परतलो तेव्हा खाजेवाली बाई टोपली डोक्यावर घेऊन बसथांब्याकडे निघाली होती; टोपली अजून अर्धी भरलेली होती. पुढच्या वर्षीचा महोत्सव यशस्वी झाला की नाही हे मांडवातल्या गर्दीवरून ठरवू नका. ती टोपली रिकामी घरी गेली काय, एवढे पाहा.