ग्रामसभेच्या पैशातून एमबीए?

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात सध्या एक वाद चालू आहे. वाद तसा लहान, पण ग्रामसभेच्या दोन बैठका झाल्या तरी मिटलेला नाही. गावातला एक पोरगा बी.कॉम. झाला, पहिल्या वर्गात. त्याला पुढे एमबीए करायचे आहे. बापाची धानाची तीन एकर जमीन, तीही वनहक्काची. कॉलेजचे शुल्क मोठे, आणि तेवढ्या कर्जाला बँक तारण मागते. तेव्हा पोराने सरळ ग्रामसभेकडे अर्ज दिला की, तेंदू आणि बांबूच्या रॉयल्टीतून माझ्या शिक्षणाचा खर्च करावा, मी परत येऊन पाच वर्षे गावाचे हिशेब पाहीन.

एक म्हातारा उठला. म्हणाला, "पैसा साऱ्या गावाचा, अन् साहेब होणार एकटा पोट्टा. हे कसं जमते जी?" बऱ्याच माना हलल्या. मग मागून बचत गटाची एक बाई बोलली, "ठेकेदारानं बुडवलं तवा कागद वाचणारं कोण होतं?" त्यावर सभेत कोणी बोलेना.

त्या बुडवण्याची गोष्ट मला ठाऊक आहे, कारण त्या कागदावर मीही नजर टाकली होती. तेंदूचा हंगाम होता. फळीवर पुडे मोजून घेतले, मजुरी मिळाली, रॉयल्टीचे दोन हप्ते आले. तिसरा आलाच नाही. करारात तिसऱ्या हप्त्याची रक्कम होती, तारीख नव्हती. "माल विकल्यानंतर" एवढेच लिहिले होते. माल कधी विकला हे ठेकेदारच सांगणार! मी कृषी पदविका घेऊन नोकरीला लागलेला माणूस. धानावरचा तुडतुडा लांबून ओळखतो, पण करारातली ही कीड काही मला दिसली नाही. ग्रामसेवकालाही दिसली नाही. गावाला तर ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

शेतकरी बंधूंनो, आपल्याकडच्या ग्रामसभा आता नुसत्या ठराव करणाऱ्या सभा राहिलेल्या नाहीत. १९९६ चा पेसा कायदा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला आणि बांबू व तेंदू हे गौण वनोपज म्हणून गावाच्या मालकीचे झाले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्याचे पुस्तक दिले. तेव्हापासून अनेक गावे स्वतः लिलाव करतात, मजुरी वाटतात, पॅन कार्ड काढतात. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा तेंदूपानावर १८ टक्के कर बसला. तो कोणी भरायचा, आपण की ठेकेदाराने, हे समजून घेण्यातच काही गावांचा हंगाम गेला. म्हणजे धंदा हाती आला, पण धंद्याची विद्या हाती आली नाही. दोन दिवसांची प्रशिक्षणे होतात, ती चांगलीही असतात. पण दोन दिवसांत लेखापाल तयार होत नाही.

तेव्हा पोराला पाठवावे, असे माझे मत आहे. मात्र कोणत्याही एमबीएला पाठवून भागणार नाही, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे.

शहरातल्या कॉलेजात शिकवतात तो धंदा वेगळा. तिथे भागधारक शेअर विकत घेतो, नको झाला की विकतो. आपल्या ग्रामसभेत माणूस जन्माने नाहीतर लग्नाने भागधारक होतो आणि त्याचा शेअर विकता येत नाही. तिथे जमीन गहाण टाकून भांडवल उभे करतात. इथे वनहक्काची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही. आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीनही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जात नाही. ही बंधने जमीन वाचवण्यासाठी आहेत, ती असलीच पाहिजेत. पण मग भांडवल कुठून आणायचे? पुस्तकात याचे उत्तर नाही. पोराने स्वतःच मला सांगितले, "साहेब, ग्रामसभेची वही लिहायला बसलो, तर भांडवल कोणाच्या नावानं लिहू तेच कळेना."

कॅनडातल्या मूळ रहिवाशांपुढे हाच प्रश्न आहे. तिथे १८७६ पासून एक इंडियन कायदा आहे. त्या कायद्यामुळे त्यांच्या राखीव जमिनी बाहेरच्या सावकाराला किंवा बँकेला सहजी गहाण लागत नाहीत. तिथल्या व्हँकुव्हर शहरातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने २०१२ मध्ये खास या लोकांचा धंदा आणि नेतृत्व शिकवणारी एमबीए पदवी सुरू केली. काम सांभाळून, ठरावीक काळ वर्गात येऊन ती करायची. हिशेब, वित्त, बाजार हे विषय आहेतच, पण त्याबरोबर जमातीचा कारभार, जमिनीचे हक्क, सरकारशी आणि कंपन्यांशी वाटाघाटी हेही आहे. म्हणजे जो जमातीचा कारभार पाहतो तोच विद्यार्थी आणि त्याचे रोजचे काम हाच त्याचा धडा.

या विद्येला आधार आहे अमेरिकेतल्या अभ्यासाचा. स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी हार्वर्ड विद्यापीठात १९८७ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. काही जमाती वर आल्या आणि काही तशाच राहिल्या, असे का झाले, हे त्यांनी शोधले. खनिज जास्त की शिक्षण जास्त, एवढ्यावर ते ठरत नव्हते. निर्णय स्वतःच्या हाती असणे, कारभाराची घडी नीट असणे आणि ती घडी त्या लोकांच्या रीतीला पटणारी असणे, यावर ठरत होते. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. जिथे निवडून आलेले पुढारी दुकानाच्या रोजच्या कामात हात घालतात, तिथे दुकान बहुधा तोट्यात जाते. हे वाचून आपल्याकडच्या काही सहकारी संस्था डोळ्यांपुढे आल्या, नावे घेत नाही.

त्याच कॅनडात ओकानागन खोऱ्यात ओसोयूस नावाची छोटी जमात आहे. क्लॅरेन्स लुई १९८४ मध्ये त्यांचे प्रमुख झाले. पुढे १९८८ मध्ये धंद्यासाठी त्यांनी वेगळे महामंडळ काढले. जमिनी विकल्या नाहीत, भाडेपट्ट्याने दिल्या. १९६८ पासून द्राक्षमळे होते, २००२ मध्ये स्वतःची वाइनरी उघडली. न्यूझीलंडच्या माओरींचे तर आपल्या शेतकऱ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. एका जमिनीला शेकडो वारस, आपल्या सातबाऱ्यावर नावांची रांग असते तसेच. त्यांनी तुकडे न पाडता जमीन ट्रस्टकडे एकत्र ठेवली आणि वारसांना हिस्से दिले. १९९३ च्या कायद्याने या व्यवस्थेची घडी नव्याने बसवली. चांगल्या माओरी शेतीसाठी १९३३ मध्ये एक करंडकही सुरू झाला. सगळेच सोन्याचे आहे असे नाही, तिथेही भांडणे आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. पण प्रश्न ओळखून त्याची शाळा काढली, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. ग्रामसभांनी एकत्र येऊन या विषयाची पूर्ण पदवी तिथेच मागितली पाहिजे. तोवर पोरगा जिथे जाईल तिथे जावो, पण त्याचा प्रकल्प आपल्याच ग्रामसभेवर असावा. गेल्या पाच वर्षांची वही त्याने लिहून काढावी आणि गावासमोर गोंडीत वाचून दाखवावी. गावाने पैसा द्यायचा तर ही अट घालावी.

दुसरी अट माझ्या मते याहून कडक हवी. शिकून आल्यावर तो ग्रामसभेचा नोकर असेल, मालक नव्हे. व्यवस्थापन समितीत त्याला मत नको. हिशेब त्याने ठेवायचा, सह्या समितीने करायच्या. शिकलेला माणूस एक आणि बाकीचे अडाणी, अशी सभा झाली तर ठेकेदार बरा म्हणायची पाळी येईल. मेंढ्यात निर्णयाआधी अभ्यास गटात विषयाचा खल होतो, मग सर्वांच्या संमतीने ठरते. त्या गटात बसायला पदवी लागत नाही.

आणि सगळे शहाणपण पदवीतच आहे असेही नाही. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर बांबूचा धंदा केला, पण तेंदू तोडायचा नाही असे ठरवले. फांद्या छाटल्या जातात, वणवे लागतात, जंगल जाते, म्हणून. हातातले उत्पन्न सोडायला कोणते कॉलेज शिकवते? बांबूच्या बेटातले वास्ते आणि दुसऱ्या वर्षाची काठी राखून जुनी तोडायची, हे आपल्या म्हाताऱ्यांना मुद्दल आणि व्याज हे शब्द न वापरताही कळते. पोराने ते त्यांच्याकडून शिकावे.

राहिला प्रश्न पोरगा परत येईल का याचा. खरे सांगायचे तर माझ्या पदविकेच्या वर्गातले बहुतेक जण शेतीत गेले नाहीत, मीही नाही. तेव्हा भीती खोटी नाही. म्हणून लेखी करार करावा. रक्कम वर्षाला वर्ष द्यावी, एकदम नको. आला नाही तर परतफेड. त्याच्याबरोबर एका मुलीलाही पाठवावे असे मी सुचवले आहे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाईल, असे लगेच कोणी तरी म्हणाले. जाईल तर त्या गावाची ग्रामसभाही आपल्यासारखीच आहे, वही तिथेही लिहायचीच आहे.

रोवणी आटोपली की तिसरी बैठक आहे. कराराचा मसुदा आणायचे काम माझ्याकडे आणि ग्रामसेवकाकडे दिले आहे. पोराचा बाप परवा रस्त्यात भेटला. म्हणाला, "साहेब, या वक्ती तारखा टाकजा." सगळ्या टाकल्या आहेत.